खैरबंदरचं लीज

नाशिकच्या द्वारका सर्कलला सिग्नलपाशी थांबलं की मागे जशा गाड्या साचतात, तसे आमच्या रविवारच्या ग्रुपचे किस्से साचलेत. एक सांगून होतो न होतो, तोवर मागचा हॉर्न मारायला लागतो! म्हणून म्हटलं, आज एकदाचा सिग्नल सोडून टाकावा.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. द्वारकेलाच, स्पेअर पार्टच्या एका दुकानाच्या वर, बंद पडलेली टायपिंगची शाळा आहे. तिथे दर रविवारी सकाळी आम्ही एका शहराचा इतिहास घडवतो. शहराचं नाव खैरबंदर. समुद्रकाठचं मोठं बंदर, नव्याण्णव वर्षांच्या लीजवर परदेशी लोकांना दिलेलं. गुगलवर शोधू नका, सापडणार नाही. ते फक्त आमच्या टेबलावर आहे, एका जुन्या फ्लेक्सच्या पांढऱ्या बाजूवर मार्करने काढलेलं. उलट्या बाजूला कुठल्यातरी भाऊंचा वाढदिवस आहे. नकाशा उजेडात धरला की बरोबर बंदराच्या तोंडाशी भाऊंच्या मिशा दिसतात!

एक रविवार म्हणजे खैरबंदरचं एक वर्ष. आपल्या पात्राने त्या वर्षी काय केलं ते प्रत्येकाने सांगायचं, मग हात वर. बहुमत झालं की तो इतिहास. नंतर खोडायचं नाही, "पुढे असं झालं" म्हणून सावरायचं फक्त. आणि कोणाचं पात्र मेलं किंवा शहर सोडून गेलं, की त्या माणसानेही उठून जिना उतरायचा. परत यायचं तर नवा कोणीतरी होऊन दार वाजवायचं, कोण आणि कशाला आलो ते सांगायचं, आणि आतल्या कोणीतरी आपल्या वाटणीतली जागा द्यायची. कोणीच नाही दिली तर घरी जाऊन पोहे खायचे!

हा खेळ तीन म्हाताऱ्यांनी सुरू केला. नाना, रिटायर्ड इंजिनियर, म्हणजे गव्हर्नर साहेब. आप्पा, नामपूरचे कांद्याचे व्यापारी, सध्या मुक्काम नाशकात मुलाकडे, खैरबंदरातही व्यापारीच. आणि गुरुजी, रामकुंडावर यात्रेकरूंची कामं करणारं घराणं. खैरबंदरात देवळापासून चर्चपर्यंत सगळं तेच बघतात. परदेशी नेमके कुठले यावर तिघांची इतकी भांडणं झाली, की शेवटी देशच ठरवला नाही. नुसते "टोपीकर".

चौथी मी, केतकी. इतिहासात एम.ए. केलं आणि सिन्नरला एका कारखान्यात पर्चेस बघते. मला या खेळातून एकच गोष्ट हवी होती. लीज संपलं की शहर त्याच्या लोकांना परत मिळालं पाहिजे. नानांना हवं होतं रिन्युअल. बाकी सगळे किस्से यातूनच निघालेत.

*

मी गेले तेव्हा खैरबंदरची चाळीस वर्षं होऊन गेली होती. गुरुजी आमच्या सोसायटीतले. ते म्हणाले, "ये एकदा, तुझा विषय आहे." मी दार वाजवलं.

आतून आवाज आला, "कोण?"

"मी केतकी. गुरुजींनी सांगितलं..."

"तसं नाही! खैरबंदरात कोण?"

मला पटकन जे सुचलं ते बोलले, "पाणी भरणारी."

दार उघडलं. मी नकाशा बघितला. क्लॉक टॉवर, क्लब, बँडस्टँड, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान, गव्हर्नरचा बंगला. मी विचारलं, "यात पाणी कुठून येतं?"

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. चाळीस वर्षांत एकाही मोठ्या माणसाला शहराला पाणी लागतं हे आठवलं नव्हतं!

"आणि बायका कुठायत?"

"आहे ना," नाना म्हणाले. "गव्हर्नरची मॅडम आहे."

"कुठे?"

नानांनी चष्मा पुसला. "माहेरी गेलीये."

"चाळीस वर्षं?"

त्यावर आप्पा एवढे हसले की त्यांचा चहा थेट क्लबवर सांडला. तो डाग अजून आहे. इतिहासात त्याची नोंद "क्लबला लागलेली आग" अशी झाली.

जागा द्यायची वेळ आली तेव्हा नानांनी मोठ्या मनाने बंदराच्या कडेचं खाजण माझ्या नावावर केलं. नुसता चिखल, भरतीला पाण्याखाली जाणारा. "घे बाळ," म्हणाले, "एवढंच शिल्लक आहे." मी त्याचं नाव ठेवलं खारवाडी. आणि मनात म्हटलं, थांबा साहेब.

*

या तिघांचं समुद्राशी नातं म्हणजे एक गणपतीपुळ्याची ट्रिप. ती पण पावसाळ्यात, त्यामुळे समुद्र बसमधूनच बघितला! पण माणूस नाशिकचा असला की पाणी कसं मोजायचं हे त्याला शिकवावं लागत नाही. गोदावरीला पूर आला की आपण मीटर वगैरे विचारत नाही. दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, एवढंच विचारतो. गुडघ्याला, कमरेला, छातीला.

तर यांनी समुद्राच्या बंदरात घाट बांधला, पायऱ्यांसकट. आणि पायऱ्यांवर मारुती बसवला! भरती किती? मारुतीच्या कमरेपर्यंत. टोपीकरांचं जहाज कधी सुटणार? मारुतीच्या छातीला पाणी लागल्यावर.

आप्पांनी एकदा घड्याळात बघून त्यांच्या अहिराणीत विचारलं, "पाणी कवय सोडतीन?"

मी म्हटलं, "आप्पा, भरती धरणासारखी सोडत नाहीत. आपोआप येते. चंद्रामुळे."

"मंग त्याले फोन लावा ना!"

मी मोबाईलवर भरती-ओहोटीचा तक्ता काढून दाखवला. तिघांनी शांतपणे बघितला, छान आहे म्हणाले आणि तीन विरुद्ध एक मतांनी मारुती कायम केला. मोठ्या माणसांचं हे असं. पुरावा बघायचा, कौतुक करायचं आणि जे करायचं तेच करायचं!

मी पण मग डोकं चालवलं. मारुतीच्या सगळ्यात जवळ कोण राहतं? खारवाडी! मारुती कधी भिजतो ते रोज कोण बघतं? खारवाडीच्या बायका! पुढच्या रविवारी ठराव मांडला : खारवाडीचा वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय एकही जहाज बंदरात शिरणार नाही की बंदर सोडणार नाही. मारुती तर यांचाच होता, नाही कसं म्हणणार? झाला मंजूर! त्या वर्षापासून टोपीकरांच्या मोठमोठ्या कप्तानांना एक मराठी वाक्य पाठ करावं लागलं. "बाई, मारुती कुठपर्यंत आला?"

*

टायपिंगच्या शाळेच्या खाली द्वारकेचा ट्रॅफिक. दिवसभर ट्रकचे हॉर्न. नाना म्हणतात, त्यामुळेच ही जागा निवडली. प्रत्येक हॉर्न म्हणजे जहाजाचा भोंगा! मोठा ट्रक वाजला की माल आला म्हणून आप्पा खिडकीकडे बघून ओरडतात, "माल उना!"

नानांकडे गव्हर्नरची म्हणून एक पांढरी हॅट आहे. ती घातल्याशिवाय ते खुर्चीत बसत नाहीत. पण डिसेंबरात नाशिकची थंडी काय असते ते सांगायला नको. एका रविवारी साहेब मफलर आणि तपकिरी कानटोपी घालून आले.

मी विचारलं, "गव्हर्नर साहेब, ही कुठल्या देशाची?"

नाना म्हणाले, "टोपी आहे ना? मग टोपीकरच!"

*

आता घड्याळाचा किस्सा. नानांना खरोखर घड्याळांचा नाद. शाळेच्या भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ त्यांनीच चालू केलंय, दर रविवारी स्टुलावर चढून स्वतः चावी देतात. त्यामुळे खैरबंदरचा क्लॉक टॉवर म्हणजे त्यांचा जीव.

या क्लॉक टॉवरवर त्यांनी वेळ लावली होती ती टोपीकरांच्या देशातली! का? तर वरिष्ठांशी पत्रव्यवहाराला सोपं. म्हणजे खैरबंदरात दुपार टळली की टॉवरवर सकाळचे आठ वाजायचे. मी म्हटलं, वेळ बदला. नाना म्हणाले, "काट्याला हात लावायचा नाही! टॉवरची वेळ हीच शहराची अधिकृत वेळ."

"नक्की? अधिकृत?"

"अधिकृत."

"ठीक आहे. मग उद्यापासून खारवाडीचे हमाल टॉवरवर आठ वाजले की गोदीत कामावर येतील."

नानांनी मनातल्या मनात हिशोब केला. "अगं, तोवर दुपार होईल! आणि सुटणार कधी?"

"सुटायचं आमच्या घड्याळाने. सूर्य मावळला की!"

मला वाटलं आता चिडणार.  पण सगळ्यात पहिला हात नानांनीच वर केला. "मुद्दा बरोबर आहे," म्हणाले, "घड्याळ चुकलंय." तरी काटे हलवले नाहीत ते नाहीतच. फक्त हमालांना अर्धा दिवस कायमचा मिळाला!

*

एका वर्षी गव्हर्नर साहेबांच्या क्लबात कांदा महागला. साहेबांनी काय करावं? खैरबंदरातून कांद्याची निर्यात बंद!

आप्पा खुर्चीतून उठले. मला आधी वाटलं, अॅक्टिंग आहे. नव्हती. "तुम्हले बी कांदाच दिखना का, नाना?" एवढंच बोलले आणि चपला घालून जिना उतरले. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. फोन केला तर सून म्हणाली, नामपूरला गेलेत.

नाना अस्वस्थ. "अहो, खेळ आहे तो!" असं दहादा म्हणाले, पण आवाज पडलेला. शेवटी सोमवारी एस.टी. पकडून एकटेच नामपूरला गेले, आणि जाताना सवयीने डोक्यावर तीच पांढरी हॅट! मार्केटमध्ये कांद्याचे ट्रॅक्टर लागलेले, लिलाव चाललेला, घोळक्यात आप्पा बोली लावतायत. नानांना धीर धरवला नाही. लांबूनच हात वर करून ओरडले, "आप्पा! मी निर्यातबंदी उठवली!"

सगळं मार्केट मागे वळलं. हॅटवाला माणूस, करारी आवाज. कोणीतरी म्हणालं, "दिल्लीवाला साहेब शे वाटतं!" एका क्षणात बातमी ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. शेतकरी ट्रॅक्टरवर उभे राहिले, बोली चढली. खरं काय ते कळेपर्यंत खैरबंदरच्या गव्हर्नरने नामपूरच्या कांद्याचा भाव वाढवून ठेवला होता!

आणि त्या वाढलेल्या भावाने पहिला ट्रॅक्टरभर कांदा कोणी घेतला? आप्पांनी!

"मंग काय करतू?" आप्पा अजून सांगतात. "माल्हेच माफी मांगाले उनता ना माणूस!"

*

लीज संपायला आलं तसे नाना रिन्युअलची भाषा बोलायला लागले. "व्यवस्था बसलीये. उगाच कशाला हलवा? पुढे बघू." हे "पुढे बघू" मी जन्मापासून ऐकतेय. घरी, कॉलेजात, कारखान्यात. म्हटलं, निदान या फ्लेक्सवर तरी नाही ऐकणार!

मी गुरुजींना विचारलं, "लीजची वर्षं कोणत्या महिन्यांनी मोजायची ठरली होती? जानेवारी-फेब्रुवारी की चैत्र-वैशाख?"

गुरुजींची छाती फुगली. "चैत्र-वैशाख. मीच ठरवून घेतलं होतं. बारा महिन्यांचं एक वर्ष."

"मग अधिक महिन्यांचं काय? तेही महिनेच ना? सगळे धरून बारा-बाराने मोजले, तर नव्याण्णव वर्षं केव्हाच भरली. लीज संपलंय!"

गुरुजींनी बोटांच्या पेरांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "नाना," ते म्हणाले, "मुलगी बरोबर बोलतेय."

नाना पाणी प्यायले. मग एकदम मान वर केली. "गुरुजी, खैरबंदरात आत्ता कोणता महिना चालू आहे?"

"अं... अधिक."

"अधिकात शुभकार्य करतात?"

"छे!"

"मग हस्तांतर कसं करता? उलट अधिकात जावयाला वाण देतात. नव्वदच्या वर वर्षं इथे राहतोय, आम्ही काय जावयापेक्षा कमी?"

जन्मभर इंग्रजी कॅलेंडरवर जगलेला माणूस एका मिनिटात पंचांगावर आला! आणि मतदान झालं तर काय? हस्तांतर पुढे ढकललं, आणि गव्हर्नर साहेबांना खैरबंदरच्या जनतेतर्फे तेहतीस अनारसे मंजूर! मी टेबलावर मूठ आपटली तर खारवाडीत भूकंप झाला म्हणून नोंद केली यांनी.

*

त्या दिवशी आप्पांना स्कूटीवर घरी सोडत होते. मी तणतणत होते. "काय चिकटून बसलेत खुर्चीला! पुढच्या रविवारी बघाच."

आप्पा मागून म्हणाले, "पोर, लीज सरनं म्हंजे गव्हर्नरले जानं पडी. बरोबर?"

"बरोबर. तेच तर हवंय."

"मंग नाना रविवारले काय करी?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. काकू वारल्यापासून नानांचा आठवडा रविवारीच सुरू होतो आणि रविवारीच संपतो, हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं.

"नवं पात्र घेऊन येतील," मी म्हटलं. "दार वाजवायचं, जागा मागायची. नियम यांनीच केलाय."

"तो साहेब शे," आप्पा म्हणाले. "तो दार वाजाडी का?"

 सिग्नल सुटला होता, मागचे हॉर्न मारत होते.

*

पुढचा रविवार. अधिक महिना संपलेला, कारणं संपलेली. मी ठराव मांडला : खैरबंदर त्याच्या लोकांना परत. माझा हात वर. आप्पांचा हात वर. गुरुजींनी नानांकडे बघितलं, मग खिडकीकडे बघत हळूच हात वर केला.

 टोपीकरांचा झेंडा म्हणून फूटपट्टीला बांधलेला रुमाल सोडून नानांनी त्याची घडी केली आणि खिशात ठेवला. मग म्हणाले, "गव्हर्नर म्हणून शेवटचा हुकूम. क्लॉक टॉवर इथल्या वेळेवर लावावा." चारही हात वर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच!

आता जहाज सुटायचं, आणि वाटाड्या खारवाडीचा लागणार. नाना माझ्याकडे वळले. "बाई, मारुती कुठपर्यंत आला?"

 "छातीपर्यंत, साहेब. निघा."

त्यांनी हॅट काढून टेबलावर ठेवली, बरोबर बंदराच्या तोंडाशी, भाऊंच्या मिशांवर. दार लोटून घेतलं. जिन्यावर त्यांची पावलं वाजत खाली गेली. खाली एक मोठा ट्रक वाजला. आप्पांनी खिडकीकडे बघितलंही नाही. गुरुजी नुसते रिकाम्या खुर्चीकडे बघत होते. शहर माझं झालं होतं, आणि टेबलावरचा चहा गार होत होता.

मग दारावर टकटक.

मी विचारलं, "कोण?"

"घड्याळ दुरुस्त करणारा."

"कुठून आलात?"

"बोटीवरून. ती सुटायच्या आत उतरलो."

"कशासाठी?"

"टॉवरचं घड्याळ नव्या वेळेवर लावलंय म्हणे. सुरुवातीला रोज बघावं लागतं."

"डोक्यावर काय आहे?"

"केस. थोडेच."

आप्पांनी आणि गुरुजींनी एकदमच तोंड उघडलं. मी हाताने दोघांना गप्प केलं.

"खारवाडीत एक खोली आहे. मारुतीच्या खाली. भरतीला पाणी येतं."

"चालेल."

"पण नव्याण्णव वर्षं वगैरे नाही हं! अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट."

 खाली द्वारकेला सिग्नल सुटला, सगळे ट्रक एकदम वाजले. मग दाराला अगदी तोंड लावून कोणीतरी विचारलं,

"डिपॉझिट किती?"